ओव्हरकुक्ड: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

‘ओव्हरकुक्ड! ऑल यू कॅन ईट’ हा मिळून स्वयंपाक करायचा व्हिडिओ गेम आम्ही नागपूरच्या मे महिन्यात घेतला. पारा 45 ला टेकला की पोरं दिवसभर घरात, आणि आधीच्या शर्यतीच्या गेममध्ये रोज एक जण रुसून कूलरसमोर जाऊन बसायचा. दिवाळी झाली तरी हा खेळ सुरूच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

2016 चा पहिला भाग आणि 2018 चा दुसरा, दोन्ही यात आहेत. एकाच टीव्हीवर चौघे खेळतात. कांदे चिरा, शिजवा, सूप ताटलीत काढा, खिडकीवर द्या, खरकटी ताटली घासा, एवढंच काम. पण स्वयंपाकघर मुद्दाम गैरसोयीचं मांडलेलं. कधी ओटाच सरकतो, कधी शेगडी दुसऱ्याच ट्रकवर. ‘मीच सगळं उरकतो’ म्हणणाऱ्याचं काही चालत नाही, “टमाटर फेक न बे!” असं ओरडावंच लागतं. दुसऱ्या भागात भाजी फेकता येते, ताटली मात्र हातानेच न्यायची. या एका नियमावर आमची कामवाटणी ठरली. भाची फेकते, भाचा शिजवतो आणि घरी स्वतःचं ताटही न उचलणारे भाऊजी सिंकजवळून हलत नाहीत. (ताई हे सगळ्या नातेवाइकांना सांगून झाली आहे.)

सूप करपलं की आग लागते, आणि विझवायचा सिलिंडर नेमका कोणीतरी भलत्याच कोपऱ्यात टाकलेला असतो. त्या धावपळीत चूक कोणाची हे शोधायला सवडच मिळत नाही, सगळे हसत सुटतात.

फेरीत तीन स्टार मिळवायचा नाद लागला की मात्र मजा जाते. ऑर्डर क्रमाने दिल्या तर टिप वाढते, मग भाचा मुकादम होतो. “तुमचं तुम्ही खेळा,” म्हणून आई उठून गेली होती. असिस्ट मोड (खेळ सोपा करणारी सोय) लावल्यावर फेरीची वेळ वाढली, ऑर्डरही लवकर बाद होईनात, तेव्हा परत बसली. आता ती कोणी न सांगता जास्तीचे कांदे चिरून ठेवते, आणि ते लागतातच.

पुण्याच्या आतेभावाबरोबर ऑनलाइन खेळलो, पण आमचं नेट अडखळतं, “ताटली!” ही हाक पोहोचेपर्यंत सूप करपलेलं.

चार कंट्रोलर महाग पडतात. दोन आमचे, दोन भाऊजी येताना आणतात. एकट्यासाठी घेत असाल तर राहू द्या. दोन स्वयंपाकी आलटून-पालटून आपणच चालवायचे, ते ऑफिसच्या कामासारखं वाटतं.