कानात पाणी अडकलंय: ड्रायर की थेंब?

पोहून आल्यावर कानाला दडा बसला, तर हेअर ड्रायर लावावा की थेंब घालावेत? आधी तो कान खाली करून कुशीवर पडा आणि कानाची पाळी वर-मागे ओढा. कानाची नळी सरळ होऊन पुष्कळदा पाणी आपसूक ओघळतं. राहिलंच, तर पुढचं.

जोखमीच्या दृष्टीने ड्रायर उजवा. सर्वांत कमी उष्णता, कमी वेग, कानापासून फूटभर अंतर आणि हात सतत हलता. जवळ धरला की कातडी भाजते.

थेंब म्हणजे रबिंग अल्कोहोल (त्वचा निर्जंतुक करायला वापरतात ते) आणि पांढरं व्हिनेगर समप्रमाणात. तीन-चार थेंब घालून, मिनिटभर थांबून कान उलटा करायचा. अल्कोहोलमुळे पाणी लवकर उडतं, व्हिनेगरच्या आम्लतेत जंतू सहसा वाढत नाहीत. हा दुसरा फायदा ड्रायरकडे नाही. पण पडद्याला छिद्र असेल, कानात ट्यूब बसवलेली असेल, कान दुखत किंवा वाहत असेल, तर एकही थेंब नको.

कापसाची काडी हा तिसरा पर्याय नव्हेच! ती मळ आत ढकलते आणि पाणी त्यामागे अडकतं.

रोज पोहणाऱ्या, धडधाकट कानांच्या प्रौढांना थेंब सोयीचे. लहान मुलांना किंवा पडद्याची शंका असलेल्यांना ड्रायर. दोन-तीन दिवसांत दडा सुटला नाही, तर डॉक्टरांना कान दाखवा.