सोमवार बंद ठेवावा, माणूस ठेवावा की जूनपर्यंत रेटावं?

मालवणजवळ तारकर्लीच्या पट्ट्यात आमच्या घरच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी आहेत आणि पुढच्या पडवीत खानावळ. दिवाळीची गर्दी सुरू झाली की मे संपेपर्यंत पहाटे पाचला गॅस पेटतो आणि रात्री बाराला ओटा पुसून होतो. चौथ्या हंगामात, 26 डिसेंबरला, मी एकच खोली दोन कुटुंबांना दिली. वहीत दोन्ही नावं माझ्याच अक्षरात होती. पुण्याहून लहान मुलं घेऊन आलेली माणसं अंगणात उभी, आणि मी त्यांची सोय बघायची सोडून सासूबाईंवर ओरडले. त्या एवढंच म्हणाल्या, "अगो, जेवलंस काय?" सकाळपासून चहाशिवाय काही पोटात गेलं नव्हतं.

त्यानंतरच्या हंगामांत मी तीन वाटा चालून बघितल्या: पावसाळ्यापर्यंत तसंच रेटणं, आठवड्याचा एक वार बंद ठेवणं, आणि पगारी माणूस ठेवणं. तुमचं दुकान असो, खानावळ असो की बोटीचा धंदा, बहुतेकांपुढे हेच तीन पर्याय असतात. माझं मत आधीच सांगते: वार आधी, माणूस नंतर. का, ते पुढे येईलच.

आधी दमणूक कसली ते ओळखा

एका संध्याकाळी दोन तास नुसतं बसा. पाय सैलावले, डोळे मिटले, बरं वाटलं, तर तुमची दमणूक हातापायांची आहे. बसल्यावरही उद्याची सुरमई मिळेल का, त्या पार्टीने आगाऊ रक्कम पाठवली का, गॅसची टाकी कधी संपेल हेच डोक्यात फिरत राहिलं, तर ती डोक्याची. पहिल्या प्रकाराला माणूस उपयोगी पडतो. दुसऱ्याला नुसता माणूस पुरत नाही, कारण ठरवायचं काम तुमच्याकडेच राहतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली कामाच्या अशा थकव्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हटलं. तिच्या तीन खुणा: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. दुसरी खूण मला सगळ्यात उशिरा कळली. दारात गाडी वळली की पूर्वी मला आनंद व्हायचा. त्या वर्षी पोटात गोळा यायला लागला.

जूनपर्यंत रेटणं

आपल्याकडे हे सगळ्यात जास्त चालतं. "पावसात झोपूया" म्हणायचं आणि सात-आठ महिने ओढायचं. वरवर याला पैसा लागत नाही. पण झोप कणगीत भरून ठेवता येत नाही. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास लागतात, आणि जानेवारीत बुडालेले तास जूनमध्ये भरून निघत नाहीत. शिवाय जून विश्रांतीचा असतो हेही खरं नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, म्हणजे आवकच थांबते. कर्जाचा हप्ता थांबत नाही, मुलांच्या शाळेचा खर्च त्याच महिन्यात येतो. कौलं शाकारायची ती पावसाआधी, म्हणजे नेमकी मेच्या गर्दीत. जूनमध्ये अंग पडून असतं आणि डोकं हिशेब करत असतं. मग चतुर्थी येते, घर चाकरमान्यांनी भरतं, आणि विश्रांती राहूनच जाते.

ज्यांचा धंदा फक्त शनिवार-रविवारी चालतो किंवा घरात कामाला चार धडधाकट हात आहेत, त्यांनी रेटलं तर चालेल. बाकीच्यांनी यावर अवलंबून राहू नये.

एक वार बंद

याची भीती सगळ्यांनाच वाटते: गिऱ्हाईक तुटेल, लोक म्हणतील धंदा बसला. मीही वर्षभर याच भीतीने थांबले. शेवटी मागच्या हंगामाची वही काढून प्रत्येक वाराच्या थाळ्या मोजल्या. मुंबई-पुणे-कोल्हापूरची माणसं रविवारी दुपारचं जेवून परत निघतात. सोमवारी कितीतरी जण मासे खात नाहीत. मासळीच्या खानावळीला सोमवार तसाही हलकाच.

हिशेब असा मांडा. समजा सोमवारी सरासरी 12 थाळ्या जातात आणि थाळी 250 रुपयांची. म्हणजे 3,000 रुपये आले. मासळी, तेल, गॅस वजा जाऊन हातात 1,100 राहिले असं धरू. ऑक्टोबर ते मे साधारण 34 सोमवार. त्यातले दिवाळी, नाताळ आणि मेच्या सुट्टीतले 8 उघडे ठेवले तर उरले 26. बुडाले 28,600 रुपये. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुमच्या वहीतून घ्या. पण असा एक आकडा समोर आला की भीतीला माप लागतं.

खोल्यांचं थोडं वेगळं आहे. रविवारचा मुक्काम घ्यायचा, सोमवारी सकाळी दहाला खोल्या रिकाम्या करून घ्यायच्या, पुढचं बुकिंग मंगळवार दुपारपासून. तीन-चार दिवस राहणाऱ्याला मी सोमवारी फक्त खोली देते आणि जेवायला शेजारच्या खानावळीत पाठवते. तिथल्या वहिनी गुरुवारी बंद ठेवतात, तेव्हा त्यांचं गिऱ्हाईक आमच्याकडे येतं. अशी जोडी जमली तर बंदचा तोटा आणखी कमी होतो.

याची अवघड बाजू पहिल्या महिन्यातच कळते. बंदच्या दिवशी माणूस बाजाराला नाहीतर बँकेत जातो, चादरी धुतो, हिशेब लिहितो. मग तो बंद दिवस राहत नाही, मागच्या दाराने आलेला कामाचा दिवस होतो. मी आता बँक आणि बाजार बुधवारी दुपारी उरकते. सोमवारी सकाळी आठपर्यंत झोपते, आणि संध्याकाळी घरातल्या सगळ्यांबरोबर गरम गरम जेवते. आठवड्यातून तेवढं एकच जेवण मी बसून जेवते.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराची आठवड्याची सुट्टी धरलेली आहे. घरचा धंदा चालवणाऱ्या बाईची सुट्टी तिची तिलाच धरावी लागते.

माणूस ठेवणं

पुन्हा उदाहरणाचाच आकडा: महिना 15,000 आणि आठ महिने, म्हणजे 1,20,000. दोन वेळचं जेवण आणि राहायची जागा वेगळी. वर उचल मागितली जाते, ती द्यावी लागते. सोमवार बंद ठेवण्याच्या चौपटीहून जास्त खर्च आहे हा. भरून निघायला दिवसाला साधारण 500 रुपये जादा हातात राहायला हवेत, म्हणजे वरच्याच हिशेबाने रोज पाच-सहा थाळ्या जास्त. गर्दी इतकी असेल की लोक जागा नाही म्हणून परत जात असतील, तर माणूस पैसे वाचवणारा ठरतो. पडवी अर्धी रिकामी असेल, तर पगाराची नवी काळजी तेवढी वाढते.

मी चूक केली ती वेळेची. त्या 26 डिसेंबरच्या पुढच्याच वर्षी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घाईने एक मुलगा ठेवला. तो कामसू होता. पण त्याला शिकवायला मला ना वेळ होता, ना धीर. दर दहा मिनिटांनी तो विचारायचा आणि मी तोडून उत्तर द्यायचे. 2 जानेवारीला तो निघून गेला, आणि दोष त्याचा नव्हता. थकलेल्या माणसाला दुसऱ्याला शिकवता येत नाही, म्हणून मी वार आधी म्हणते. आधी चार-सहा सोमवार झोप घ्या, मग माणूस बघा.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. गावातला माणूस ठेवला तर शिमग्याला तो पालखीबरोबर जाणार, चतुर्थीला त्याच्या घरी गणपती असणार. ते त्याचं हक्काचं आहे. बाहेरून आलेला माणूस सणाला थांबतो, पण आंब्याच्या दिवसांत बागेत चांगली मजुरी मिळाली तर तिकडे जाऊ शकतो. दोन्हीकडे रजेचे दिवस पहिल्याच दिवशी बोलून घ्यावेत, आणि पगाराची तारीख चुकवू नये.

काम सोपवतानाही क्रम असावा. रोज सारखंच होणारं काम आधी: खोल्या झाडणं, चादरी बदलणं, भांडी, नारळ खवणणं. मग वडे थापणं, सोलकढी. बंदरावर लिलावात मासळी घेणं सगळ्यात शेवटी, कारण तिथे नजर तयार व्हायला एक हंगाम जातो. बुकिंगची वही मात्र एकाच्याच हातात असू द्या.

फोनचं काय?

वार बंद ठेवा नाहीतर माणूस ठेवा, फोन वाजतच राहतो. कोकणकन्या गाडीत बसलेला पाहुणा रात्री उशिरा विचारतो, कुडाळहून रिक्षा किती घेईल? त्याचं चुकत नाही, तो अनोळखी मुलखात येतोय. व्हॉट्सअॅपच्या धंद्यासाठीच्या मोफत अॅपमध्ये ठरलेल्या वेळेत आपोआप जाणारा निरोप लावता येतो. माझ्या निरोपात रस्ता, रिक्षाचा अंदाज, जेवणाच्या वेळा आणि "सकाळी सातनंतर उत्तर देते" एवढं आहे. रात्री साडेदहानंतर फोन माजघरात चार्जिंगला, उशाशी नाही. आज ज्यांचा मुक्काम आहे त्यांना नवऱ्याचा नंबर दिलेला असतो.

खोल्या कमी करणं हा चौथा पर्याय म्हणून सुचवतात. कर्ज फिटलेलं असेल तर विचार करा. हप्ता चालू असेल तर ताण कमी न होता वाढेल.

हे तिन्ही अपुरे पडतात तेव्हा

सोमवार मोकळा मिळूनही झोप येत नाही, दोन आठवडे मन सतत उदास आहे, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या, रोज दारू लागते, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं असेल तर धंद्याची घडी बदलून भागणार नाही. डॉक्टरांकडे जा. छातीत दुखलं तर ताणच असेल म्हणून घरी बसू नका, लगेच दाखवा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या नंबरवर ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास मोफत चालते आणि मराठीत बोलता येतं. रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सिंधुदुर्गातल्यांना ओरोसच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करता येते. ओळखीचं कोणी बघेल ही लाज बाजूला ठेवावी. मणक्याचं दुखणं आपण लपवत नाही.

ठरवायची वेळ अनंत चतुर्दशीनंतरची. चाकरमानी परत गेलेले असतात आणि दिवाळीला अजून अवकाश असतो. त्या आठवड्यात मागच्या हंगामाची वही काढून वारांचे आकडे मांडा. माणूस ठेवायचाच असेल तर याच दिवसांत ठेवा, म्हणजे शिकवायला तीन-चार आठवडे मिळतात. आणि नव्या वहीत पानं आखताना सोमवारच्या रकान्यावर आधी आडवी रेघ मारा. दिवाळीच्या चौकशीचे फोन गणपती उठायच्या आतच सुरू झालेले असतात.