गुग्गुळाच्या कॅप्सूल: तीन महिने घेतल्यानंतर

जानेवारीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६४; यकृताचा त्रास दाखवणारं एसजीपीटी ७१, दोन्ही जास्त; सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन लिहून दिलं. ती चिठ्ठी खिशातच राहिली आणि साडूंच्या आग्रहानं मी गुग्गुळ अर्काच्या कॅप्सूल आणल्या, यकृतासाठी सिलिमारिन हा वनस्पतीचा अर्क वेगळा. महिन्याचे साडेआठशे रुपये. डबीवर ‘१०० टक्के नैसर्गिक’ ठळक, पण आत गुग्गुलस्टेरोन, म्हणजे गुग्गुळातला मुख्य घटक, किती, ते कुठेच नाही.

वासाचं आधी सांगतो. गोळी घेऊन तासभर झाला की ढेकर येते ती थेट धुपाची. बायको म्हणाली, “अहो, देवघरातच बसत जा, उदबत्तीचा खर्च वाचेल.”

तिसऱ्या आठवड्यात कोपराच्या आतल्या बाजूला पुरळ उठलं. घामोळं समजून पावडर थापत राहिलो. एप्रिलमध्ये एलडीएल १६९. लॅबच चुकली म्हणून दुसरीकडे गेलो, तिथे १६७!

मग वाचायला बसलो. गुग्गुळाची कीर्ती हवेतली नाही. सुश्रुतसंहितेतला आधार धरून जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर काम केलं, पुढे लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेनं त्याचं औषधही काढलं. आपल्याकडच्या जुन्या चाचण्यांत कोलेस्टेरॉल उतरलेलंही दिसतं. पण २००३मध्ये अमेरिकेत १०३ जणांवरची आठ आठवड्यांची चाचणी छापून आली. गुग्गुळवाल्यांचं एलडीएल चार-पाच टक्के चढलं, औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांचं पाच टक्के उतरलं. काहींना पुरळही आलं होतं. तेवढं वाचून बाही वर केली, कोपर बघितलं आणि कॅप्सूल बंद. आठवड्यात त्वचा साफ.

सिलिमारिन मात्र जुलैपर्यंत चालू ठेवलं. एसजीपीटी ४४ वर आलं. श्रेय त्याला द्यावं का? त्याच काळात संध्याकाळचं फरसाण सुटलं, वजन ८४चं ७९ झालं, पट्टा दोन भोकं आत गेला. मी पट्ट्याच्या बाजूनं आहे.

झाडपाल्यातलं आता एकच घेतो, रात्री दोन चमचे इसबगोल. ढवळलं की लगेच प्यायचं, नाहीतर पेल्यात खळ तयार होते. त्यानं एलडीएल थोडंच उतरतं, पण उतरतं. बाकीचं काम शेवटी सुरू केलेलं स्टॅटिन करतं. दीड महिन्यात एलडीएल ९८. डॉक्टरांना कॅप्सूलचं तेव्हा कुठे सांगितलं, बोलणी खाल्ली.

उरलेली अर्धी डबी टाकणार होतो. साडू घेऊन गेले.