'गूगल स्कीमा रजिस्ट्रेशन'च्या नावाखाली माझे 64,900 रुपये गेले

ठाण्यात पाचपाखाडीला माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. गेल्या आठवड्यात आमच्याच गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना फोन आला. माणूस तोच, शब्दही तेच: "गूगल स्कीमा रजिस्ट्रेशन". इतके दिवस लाजेपायी गप्प होते, पण आता लिहितेच.

दुकान गूगल सर्चमध्ये स्टारसकट दिसावं म्हणून करायचं असं कुठलंही रजिस्ट्रेशन नसतं. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

जून 2024 मध्ये मला फोन आला. पुढचं तुम्हाला माहीतच असेल. गोड आवाज, "मॅडम, तुमची साइट पाहिली", आणि दुसऱ्या दिवशी माणूस दारात. महापेला ऑफिस, गळ्यात आयकार्ड. आधी "ऑडिट", जीएसटी धरून 11,800. जुलैमध्ये "रजिस्ट्रेशन", 35,400. मग ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर दरमहा 5,900 "मेंटेनन्स". सगळे पैसे यूपीआयने एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात गेले, कारण म्हणे कंपनीच्या खात्याचं केवायसी अडकलं होतं. बिल कंपनीचं आणि पैसे भलत्याच्या नावावर! बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघायला एक मिनिट लागतं, फुकट. मी बघितला ऑक्टोबरमध्ये. नोंदणी कधीच रद्द झालेली.

मी काही अडाणी नाही. बी.कॉम. झालेय, धंद्याचा पै न पैचा हिशेब स्वतः ठेवते. पण त्याच्या बोलण्यातलं अर्धं खरं होतं, आणि तिथेच मी फसले. स्ट्रक्चर्ड डेटा ही खरी गोष्ट आहे. साइटवर "भाजणीची चकली, अर्धा किलो, 320 रुपये" असं लिहिलं की माणसाला कळतं. त्यातलं नाव कुठलं, वजन कुठलं, भाव कुठला हे सर्च इंजिनलाही नेमकं कळावं म्हणून तीच माहिती ठरलेल्या नावांच्या रकान्यांत, कोडच्या रूपात पानावर ठेवायची. ती नावं स्कीमा डॉट ऑर्गवर आहेत. 2011 मध्ये गूगल, बिंग आणि याहूने मिळून ते सुरू केलं. कुणीही वापरावं, एक रुपया लागत नाही. वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) तर फुकटची प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचे छोटे प्रोग्राम, हे काम करतात. हे त्याने मला कशाला सांगावं?

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर गूगल सर्चमध्ये दिसावं तसं माझ्या दुकानाचं नाव, खाली पाच पिवळे स्टार, आणि शेजारी आकडा: 1,240 रिव्ह्यू. मी म्हटलं, "अहो, आमचे तर 38च आहेत." त्याने मानही वर केली नाही. "मॅडम, तो डेमो आकडा आहे, गूगलला आधी साइज दाखवावी लागते." आणि मी गप्प बसले. गॅसवर भाजणीसाठी डाळ भाजत होते, ती करपेल म्हणून आत गेले, आणि येताना त्याच्यासाठी चहा घेऊन आले. खोटा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, मी तो बोलून दाखवला होता, तरी तिथे थांबले नाही.

मग त्याने गूगलच्याच तपासणीच्या पानावर माझी साइट टाकली आणि हिरवी खूण दाखवली. मला वाटलं, गूगलनेच पास केलं. ती खूण फक्त एवढंच सांगते की कोडची मांडणी बरोबर आहे. आत लिहिलेलं खरं की खोटं, हे ती तपासत नाही. सर्चमध्ये साइटच्या नावाखाली प्रश्नोत्तरं उघडतात तेही त्याने दाखवलं. ते दिसणं गूगलने ऑगस्ट 2023 मध्येच सरकारी आणि आरोग्याच्या नावाजलेल्या साइट सोडून बाकीच्यांसाठी बंद केलं होतं. म्हणजे जुना स्क्रीनशॉट! आणि दुकानाने स्वतःचे रिव्ह्यू स्वतःच्याच साइटवर असे कोडमध्ये घातले, तर त्याचे स्टार गूगल 2019 पासून दाखवतच नाही. म्हणजे माझे 38 खरे रिव्ह्यू घातले असते तरी स्टार येणार नव्हते.

दसऱ्याला भाचा आला. त्याने पानावर राइट क्लिक करून सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडला. मी शेजारी उभी होते. रिव्ह्यूच्या रकान्यात 1240. पत्त्यात पिनकोड 400703, म्हणजे वाशी. माझा 400602 आहे. वाशीच्या कुणाचा तरी कोड उचलून चिकटवला होता, नावसुद्धा एका जागी बदलायचं राहिलेलं. त्यासाठी 35,400! सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट सर्चमध्ये कशी दिसते ते सांगणारं गूगलचं खातं, त्या भामट्याने स्वतःच्या ईमेलवर काढलं होतं. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तरी माझ्या नावावर होतं, म्हणून भाच्याने तिथून मालकी सिद्ध करून आत शिरकाव केला. आत गूगलची नोटीस पडलेली: स्ट्रक्चर्ड डेटामध्ये दिशाभूल करणारी माहिती, मॅन्युअल कारवाई, म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून केलेली शिक्षा. माझ्या दुकानावर! दिवाळीच्या तोंडावर! सर्च कन्सोलचा ईमेल तुमचाच हवा, कुणीही कितीही गोड बोललं तरी.

पोलिसांकडे गेले. "पैसे तुम्हीच दिलेत ना? मग हा व्यवहारातला वाद, कोर्टात जा." पुन्हा गेले तर म्हणाले, ऑफिस महापेला, म्हणजे नवी मुंबईत तक्रार द्या. तिकडे अर्धा दिवस बसवून म्हणाले, तुम्ही ठाण्याच्या, ठाण्यातच द्या. जुलै 2024 पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायची आहे, हे मी त्यांना सांगितलं. "मॅडम, आम्हाला कायदा शिकवता?" हे उत्तर मिळालं. बँकेत गेले तर, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक तक्रारीची चौकशी केली तर खिडकीवरचा माणूस म्हणतो, धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सूट आहे, आणि आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, हे मला एका वकिलाकडून कळलं. खिडकीवरच्या माणसाला ते माहीत नसावं? चार महिने मी अनारशांचं पीठ सोडून रांगा लावल्या.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायचा तर त्याच दिवशी करा. मी केला तोवर खातं रिकामं होतं.

तो कोड आम्ही काढून टाकला, खरी माहिती भरली आणि गूगलकडे फेरतपासणीची विनंती पाठवली. पोलिसांचा शिक्का असलेला एक अर्ज तेवढा हातात आहे. "स्कीमा रजिस्ट्रेशन" असं लिहिलेली पावती ठाणे-नवी मुंबईत आणखी कुणाकडे असेल तर कळवा. एकटीला हाकलतात, दहाजणी एकत्र गेलो तर गुन्हा नोंदवून घ्यावाच लागेल.