पक्षाघातानंतरचे निराधार अनुदान: दुर्धर आजार म्हणून की दिव्यांग म्हणून?

घरातला कमावता माणूस पक्षाघाताने अंथरुणाला खिळला, की गावातला प्रत्येक जण 'संजय गांधीत अर्ज टाका' असा सल्ला देतो. सल्ला योग्यच आहे. मात्र 1980 पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अशा रुग्णाला शिरण्याच्या दोन वाटा आहेत. क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग यांच्याबरोबर पक्षाघातही दुर्धर आजारांच्या यादीत असल्याने त्या गटातून अर्ज करता येतो; आणि अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून अधिक भरले, तर दिव्यांग म्हणूनही करता येतो. धाकट्या भावाच्या आजारपणात ही निवड मला करावी लागली. वयाची अट, राज्यातले 15 वर्षांचे वास्तव्य, आधारशी जोडलेले बँक खाते या गोष्टी दोन्हींकडे सारख्याच असल्याने त्यांच्यात शिरत नाही.

आजाराच्या वाटेचा मोठा गुण म्हणजे ती लगेच खुली होते. जिल्हा शल्यचिकित्सकांचा किंवा शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला मिळाला, की अर्ज पुढे सरकतो. टक्केवारीचा प्रश्नच येत नाही. दिव्यांगत्वाच्या वाटेवर मात्र आधी थांबावे लागते. मज्जासंस्थेच्या आजारात झटक्यानंतर साधारण सहा महिन्यांनी, म्हणजे सुधारणा कितपत होते ते दिसल्यावर, अपंगत्व मोजण्याची पद्धत आहे. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच असावे. पण ज्या घरात चूल रोजच्या मजुरीवर पेटते, तिथे सहा महिने फार लांब वाटतात. त्यानंतर यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या आणि प्रमाणपत्राच्या, संकेतस्थळावर नोंदणी करायची, दिलेल्या तारखेला रुग्णाला गाडीत घालून सिव्हिलला न्यायचे, आणि ज्याला कुशीवर वळवायलाही दोन माणसे लागतात त्याला तपासणीच्या रांगेत बसवायचे, हा सगळा खटाटोप आहे. 2024 च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्र देण्याची मुदतही एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली आहे. एवढेच पाहिले तर आजाराची वाट सोपी ठरते, आणि सुरुवातीला माझाही कल तिकडेच होता.

तो बदलला तो उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. दुर्धर आजाराच्या गटात नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे लागते किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते; दिव्यांगांसाठी हीच मर्यादा 50,000 आहे. ज्यांचे नाव यादीत आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जायला हरकत नाही. आमचे नव्हते. वर्षाला 21,000 म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता, म्हणजे सरकारनेच हमी दिलेले शंभर दिवस एखादी बाई पुरे भरते, तर तिची कमाई 31,200 होते आणि ती निराधार उरत नाही. माझी भावजय हमीच्या कामावरही जाते आणि सुगीत दुसऱ्यांच्या रानातही राबते. दोन्ही मिळून घरात वर्षाकाठी चाळीस हजारांच्या आसपास येतात, आणि त्यात खाणारी चार तोंडे आहेत.

दाखल्यासाठी सेतू केंद्रात गेल्यावर अर्ज भरणाऱ्या मुलाने मान वर न करता विचारले, ''काका, एकवीसच्या आतला टाकू ना?'' त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याच्या दृष्टीने तो योजनेच्या नावापुढे लिहायचा ठरलेला आकडा होता. अडचण अशी, की त्याच वर्षी पुतणीच्या शिष्यवृत्तीसाठीही उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. एका घराचे एकाच वर्षाचे दोन आकडे कागदावर ठेवणे मला पटेना. शिवाय हमीची मजुरी बँकेत जमा होते आणि तिची नोंद कोणालाही पाहता येते, त्यामुळे खोटा आकडा उघडा पडायला एखाद्या भाऊबंदाची तक्रार पुरते. हा दाखला आर्थिक वर्षापुरताच चालतो, तेव्हा तोच प्रश्न दर वर्षी नव्याने दारात येणार होता. पन्नास हजारांच्या मर्यादेत मात्र खरा आकडा लिहूनही आम्ही आत राहत होतो. दिव्यांगत्वाच्या वाटेने जायचे मी तिथेच ठरवले. बाकीचे फायदे पुढे लक्षात आले.

पैशांचे सांगायचे तर जुलै 2023 पासून दोन्ही गटांना महिना 1,500 रुपये मिळत होते. ऑक्टोबर 2025 पासून राज्याने दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान 2,500 केले. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 24 नुसार अशा योजनांत दिव्यांगांचे साहाय्य इतरांपेक्षा किमान 25 टक्के अधिक असावे लागते, त्यामुळे हा फरक कुणाच्या मेहेरबानीचा नाही. अपंगत्व 80 टक्के किंवा त्याहून अधिक असेल आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल, तर प्रकरण केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनात जाते. त्यात केंद्राचा वाटा 300 रुपयांचाच असल्याने उरलेला भार राज्यच उचलते.

घरकुलाचा मुद्दा या निवडीत सहसा कोणी धरत नाही, पण माझ्या मते तो धरायला हवा. त्याच कायद्याच्या कलम 37 मध्ये घरांच्या योजनांत 40 टक्के व त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी पाच टक्के आरक्षण सांगितले आहे, आणि घरात अपंग माणूस असून धडधाकट प्रौढ कोणी नाही, हा 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत वंचितपणाचा एक निकष होता. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाटीवरच्या घराला 1.20 लाख रुपये मिळतात. दिव्यांग प्रमाणपत्र हातात आले म्हणून घरकुल मिळतेच असे नाही. पक्के घर असेल तर ते मुळीच मिळत नाही, आणि यादीत नाव यायला लागणारा काळ ग्रामपंचायतीत कोणीही सांगू शकत नाही. पण सर्वेक्षणाला माणूस आला तेव्हा पिवळ्या पट्टीचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे 40 ते 79 टक्क्यांमधले, त्याला दाखवता आले आणि त्याने ते नोंदवून घेतले. दुर्धर आजाराचा दाखला त्याच्या कोणत्याही रकान्यात बसला नसता.

सगळ्यांनी माझेच अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही. कर्करोगाच्या किंवा क्षयरोगाच्या रुग्णाचे अपंगत्व बहुधा टक्क्यांत बसतच नाही, त्यामुळे त्याला आजाराचीच वाट आहे. पक्षाघातात डॉक्टर हातपाय सुधारण्याची बरीच आशा देत असतील, घरातले उत्पन्न खरोखरच एकवीस हजारांच्या आत असेल किंवा यादीत नाव असेल, तर सहा महिने रिकाम्या हाताने बसण्यापेक्षा आजाराच्या गटातून आधी अनुदान सुरू करून घेणे शहाणपणाचे ठरेल. पुढे गट बदलायचा झाल्यास आमच्या तालुक्यात नव्याने अर्ज करावा लागतो असे मला सांगण्यात आले; आपल्या तहसिलीत तसे आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

दिव्यांगत्वाची वाट धरणाऱ्याने प्रमाणपत्र हाती पडताच ते कायमचे आहे की मुदतीचे, हे पाहून घ्यावे. पक्षाघातात ते बरेचदा मुदतीचे देतात. भावाचेही तसेच आहे, आणि मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधीच फेरतपासणीची नोंदणी करायची असे आम्ही ठरवून ठेवले आहे, कारण सिव्हिलची तारीख पुढे गेली आणि मधल्या काळात प्रमाणपत्र संपले, तर अनुदान थांबवायला तहसिलीतल्या योजनेच्या शाखेला आयते कारण मिळेल.