जुनी वहिवाट की धंद्याची रीत? प्रेफरन्सच्या दाव्यातले दोन बचाव

अमेरिकेत ग्राहक-कंपनी दिवाळखोरीत गेली की बऱ्याच महिन्यांनी पुरवठादाराला ट्रस्टीचे, म्हणजे दिवाळखोर कंपनीची मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्ताचे, पत्र येते: अर्जाआधीच्या ९० दिवसांत मिळालेले पैसे परत करा. माल दिलेला, बिल खरे, चेक वटलेला, आणि तरीही ही मागणी. हाच प्रेफरन्सचा दावा: दिवाळखोरीच्या तोंडावर इतर धनकोंआधी एकाला मिळालेले पैसे परत मागणारा. पण कायद्यात, कलम ५४७(सी)(२) मध्ये, बचावाच्या दोन वाटा आहेत. २००५ च्या दुरुस्तीपूर्वी दोन्ही सिद्ध कराव्या लागत. आता एकही पुरते. उधारी मुळात नेहमीच्या व्यवहारातली असावी लागते, आणि पुराव्याचा भार पुरवठादारावरच असतो.

पहिली वाट तुमच्या दोघांच्या वहिवाटीची. त्या ९० दिवसांपूर्वी पैसे किती दिवसांनी येत आणि त्या काळात किती दिवसांनी आले, हे शेजारीशेजारी मांडायचे. पुरावा तुमच्याच खातेवहीत असतो, म्हणून खर्च कमी. मात्र वर्षानुवर्षे ४५ दिवसांनी येणारे पैसे अचानक ७० दिवसांनी आले असतील, किंवा माल रोखण्याची धमकी देऊन वसूल केले असतील, तर ही वाट खचते. नवा ग्राहक असेल तर दाखवायला इतिहासही फारसा नसतो.

अशा वेळी दुसरी वाट, धंद्याच्या रीतीची, कामाला येते. इथे प्रश्न तुमच्या दोघांचा नसून तुमच्यासारख्या कंपन्यांचा असतो. १९९३ च्या टोलोना पिझ्झा खटल्यात सॉसेज पुरवणाऱ्या कंपनीच्या बिलांवर ७ दिवसांची मुदत छापलेली होती. प्रत्यक्षात पैसे पूर्वी सरासरी २६ दिवसांनी येत, वादग्रस्त काळात २२ दिवसांनी. तरी पुरवठादार जिंकला. न्यायमूर्ती पोझनर यांच्या मते धंद्याची रीत म्हणजे एक ठरावीक आकडा नव्हे, तर व्यवहारांचा रुंद पट्टा. त्या पट्ट्याबाहेरचा, अगदीच आगळा व्यवहार तेवढा नाकारायचा.

हे वाचून वाट सोपी वाटते, पण इथेच बहुतेक जण घसरतात. ‘आमच्या धंद्यात सगळेच उशिरा देतात’ एवढी मोघम साक्ष अनेकदा टिकत नाही. उद्योगाची नुसती सरासरीही अपुरी पडते. किती टक्के बिले मुदतीनंतर ३० दिवसांत, किती ६० दिवसांत फिटतात, असा पसारा दाखवावा लागतो. त्याआधी आपला धंदा नेमका कोणता, हे ठरवावे लागते. पॅकेजिंगवाल्याने सगळ्या कारखानदारीचे आकडे आणले, तर ट्रस्टीचा वकील पहिला हल्ला तिथेच चढवेल. अनुभवी अधिकाऱ्याने स्पर्धकांच्या पद्धती प्रत्यक्ष पाहिलेल्या असतील तर त्याची साक्ष चालू शकते, पण मोठ्या रकमेला तज्ज्ञ घेतलेला बरा. थर्ड सर्किट या संघीय अपील न्यायालयाने १९९४ मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली: संबंध जितके जुने, तितकी रीतीपासून ढळायला मोकळीक जास्त.

माझे मत स्पष्ट आहे. दोन-तीन वर्षांचा, एकसारखा इतिहास असेल तर पहिल्या वाटेवर भर द्या आणि दुसरी फक्त दाव्याच्या लेखी उत्तरात नोंदवून ठेवा. इतिहास तोकडा किंवा वेडावाकडा असेल तरच रीतीच्या पुराव्यावर पैसा घाला.

मात्र तज्ज्ञाला बोलावण्यापूर्वी एक हिशेब करा: पैसे मिळाल्यावर तुम्ही आणखी किती माल दिला, ज्याचे बिल थकलेच? ‘नवे मूल्य’ या वेगळ्या बचावाखाली ती रक्कम मागणीतून वजा होऊ शकते. वजाबाकीनंतर उरलेला आकडा तज्ज्ञाच्या फीएवढाच असेल, तर तडजोडीची बोलणी सुरू करा.