स्टार्टअप इंडिया सीड फंड: दोन वर्षं वापरून मग लिहिलेला रिव्ह्यू

बरेच दिवस लिहायचं होतं. गेल्या वर्षभरात निदान दहा-बारा जणांनी फोन करून एकच विचारलंय, ताई तो सरकारचा सीड फंड, म्हणजे नव्या कंपनीला सुरुवातीला मिळणारा पैसा, खरंच मिळतो का, का वर ओळख लागते. मिळतो. आमची कुठेच ओळख नव्हती, पैसे कंपनीच्या खात्यावर आले आणि एक टक्का इक्विटीसुद्धा (कंपनीतला हिस्सा) द्यावी लागली नाही. पण फॉर्म भरायच्या आधी जे कळायला हवं होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी आम्ही काय करतो ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही दोघं, मी आणि माझा कॉलेजचा मित्र, दूध संस्थांच्या बल्क कूलरसाठी (दूध थंड ठेवायची मोठी टाकी) एक डबा बनवतो. वाळवा तालुक्यात आणि खाली कोल्हापूरकडे गावागावात संकलन केंद्रं आहेत, संध्याकाळी दूध येतं तेव्हा ते पस्तीस-छत्तीस डिग्रीला असतं, ते काही तासात चार डिग्रीवर आणावं लागतं आणि सकाळी टँकर येईपर्यंत तिथेच ठेवावं लागतं. रात्री लाईट गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि तिथे माणूस झोपलेला असला की दूध नासतं. हजार लिटरचा कूलर आणि लिटरला पस्तीस रुपये धरा, एका रात्रीत पस्तीस हजार गेले आणि ते सगळे गावातल्या दोन-चार म्हशी पाळणाऱ्यांचे. आमचा डबा तापमान बघतो, लाईट गेलेली ओळखतो आणि सेक्रेटरीला फोन लावतो. बस एवढंच. आम्ही सुरुवातीला छान ॲप बनवलं होतं, ग्राफ वगैरे, ते पहिल्याच सेक्रेटरींनी बघितलं आणि म्हणाले, "ताई, ते ॲप ऱ्हाऊ द्या, रातच्याला फोन वाजला पायजे, वाजतच ऱ्हायला पायजे, मी उचलंस्तवर." तेव्हापासून आमचा डबा फोन लावतो, उचलला नाही तर परत लावतो, तिसऱ्यांदा चेअरमनला लावतो.

तर पैशाचं. २०२२ मध्ये कंपनी काढली तेव्हा घरचे तीन लाख होते. ते बोर्ड, सिम मॉड्यूल आणि पेट्रोलमध्ये कधी संपले कळलं नाही. वडिलांचे एक मित्र पाच लाख द्यायला तयार होते, अगदी मनापासून, चेक घेऊन घरी आले होते. आमच्या सीएनी सांगितलं घेऊ नका. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला बाहेरच्या माणसाकडून असंच कर्ज घेता येत नाही, ते डिपॉझिट, म्हणजे लोकांकडून घेतलेली ठेव, धरलं जातं. डायरेक्टर किंवा डायरेक्टरच्या नातेवाईकाकडून चालतं, वडिलांच्या मित्राकडून नाही. मग कन्व्हर्टिबल नोट (आत्ता कर्ज, पुढे त्याचे शेअर) म्हटलं तर त्या नियमातून सुटायला नोट एका हप्त्यात २५ लाखांची किंवा वरची पाहिजे. म्हणजे ज्याच्याकडे पाच लाख आहेत आणि ज्याचा तुमच्यावर विश्वास आहे, त्याच्यासाठी साधा रस्ताच नाही, शेअर देऊन करायचं तर व्हॅल्युएशनचा रिपोर्ट आणि सगळी फाईल, आणि त्या वेळी एंजल टॅक्सची, म्हणजे शेअरच्या ज्यादा किमतीवर लागणाऱ्या कराची, भीतीही होती (तो २०२४ च्या बजेटमध्ये काढला). पुण्या-मुंबईच्या बाहेर कुणी काही करायला गेलं की पहिला पैसा असाच येतो, मामा, काका, शेजारी, वडिलांचे मित्र, आणि आपले नियम नेमके त्याच पैशाला अवघड जातात. मला अजून त्या चेकचं वाईट वाटतं.

म्हणून सीड फंड. ही योजना २०२१ ला आली, एकूण ९४५ कोटींची. यातून तुम्हाला दोन प्रकारे पैसे मिळू शकतात. प्रोटोटाईप, ट्रायल, प्रूफ ऑफ कन्सेप्ट यासाठी २० लाखांपर्यंत ग्रँट (परत न करायचे पैसे), आणि मार्केटमध्ये उतरायला किंवा वाढवायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचर (पुढे शेअर होणारं कर्ज). आम्ही फक्त ग्रँट घेतली त्यामुळे कर्जाबद्दल माझं मत नाही. अटी अशा: डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग खात्याची) स्टार्टअप म्हणून मान्यता पाहिजे, अर्ज करताना कंपनीला दोन वर्षं झालेली नसावीत, भारतीय प्रमोटरकडे ५१ टक्के तरी पाहिजेत, आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून १० लाखांपेक्षा जास्त मदत घेतलेली नको. स्पर्धेत जिंकलेलं बक्षीस यात धरत नाहीत, बरेच जण उगाच घाबरून अर्जच करत नाहीत म्हणून सांगितलं.

दोन वर्षांच्या अटीबद्दल माझी तक्रार आहे. सॉफ्टवेअरवाल्याला दोन वर्षं भरपूर झाली, हार्डवेअरवाल्याला नाही. आमचा पहिला डबा तीन आठवड्यात मेला. कारण काय तर कूलर रोज सकाळी गरम पाणी आणि सोड्याने धुतात आणि धुणारा माणूस शेवटी पाईप सगळीकडे फिरवतो, भिंतीवर, मोटरवर, आमच्या डब्यावर. वायर आत शिरते तिथून पाणी गेलं. उघडून बघितलं तर बोर्डवर हिरवा गंज आणि एका कोपऱ्यात मुंग्यांची अंडी. दुसरा डबा पाण्याला टिकला तर त्याला नेटवर्क मिळेना, कारण आम्ही टूजीचं मॉड्यूल घेतलं होतं आणि त्या गावात रेंज फक्त जिओची, जिओला टूजी नाहीच. असे एक-एक धडे शिकण्यात आमचं वर्ष गेलं, आणि घड्याळ कंपनी रजिस्टर केली त्या दिवसापासून चालू. म्हणून सांगते, सीए म्हणाला म्हणून घाईघाईने कंपनी काढू नका. डबा गोठ्यात, शेतात, दुकानात, जिथे चालायचाय तिथे आधी चालवून बघा, मग रजिस्ट्रेशन.

आता मुख्य गोष्ट. लोकांना वाटतं पैसे दिल्लीहून येतात. तसं नाही. सरकार पैसे इन्क्युबेटरला, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्थेला, देतं, एका इन्क्युबेटरला ५ कोटींपर्यंत, आणि तुमची निवड, हप्ते, तपासणी हे सगळं तो इन्क्युबेटर करतो. पोर्टलवर अर्ज एकच भरायचा आणि त्यात पसंतीक्रमाने तीन इन्क्युबेटर निवडायचे. आम्ही अर्जावर दीड महिना घासला आणि इन्क्युबेटर निवडायला दिला अर्धा तास, ही आमची सगळ्यात मोठी चूक. नाव मोठं, कॅम्पस मोठा, वेबसाईट भारी, टाकला पहिल्या नंबरला.

त्या पहिल्या नंबरवाल्यांकडून चार महिने काहीच आलं नाही. नियमात अर्ज मिळाल्यापासून ४५ दिवसात निर्णय द्यायचाय. मी मेल केले, फोन केले, एकदा इस्लामपूरहून पहाटेची एसटी पकडून पुण्याला गेले, तिथे रिसेप्शनवर सांगितलं की मॅडम मीटिंगमध्ये आहेत. दोन तास बसून परत. नकार दिला असता तरी चाललं असतं, दुसऱ्या नंबरवाल्यांनी नकार दिला पण आठ ओळींचं कारण लिहून दिलं आणि त्यातल्या दोन गोष्टी बरोबर होत्या, आम्ही त्या सुधारल्या. नुसतं लटकवून ठेवणं सगळ्यात वाईट, कारण तोपर्यंत तुमचा एकुलता एक इंजिनिअर दुसरी नोकरी बघायला लागतो.

तिसऱ्या नंबरवाले एका इंजिनिअरिंग कॉलेजचे, छोटं ऑफिस, दोनच माणसं. तिसऱ्या आठवड्यात प्रेझेंटेशनला बोलावलं. कमिटीत पाच जण होते आणि त्यातले एक गृहस्थ आयुष्यभर डेअरीत काम केलेले. त्यांनी मार्केट साईझची स्लाईड येऊच दिली नाही, सरळ विचारलं, "प्रोब दुधात बुडवताय का? मग तो धुणार कोण?" आम्ही प्रोब, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, दुधात नाही, टाकीला थर्मामीटरसाठी जी बंद नळी असते तिच्यात बसवतो हे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुढची वीस मिनिटं फक्त जनरेटरवर बोलणं झालं. याआधी आम्ही जिथे जिथे पिच केलं तिथे तिथे प्रश्न एकच, हे स्केल कसं होणार, मंथली सबस्क्रिप्शन का नाही. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी दुधाबद्दल विचारलं.

१४ लाख मागितले, १२ मंजूर झाले. पहिल्या हप्त्यात ग्रँटचे ४० टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार आले. पुढचे हप्ते माईलस्टोन, म्हणजे आधी ठरवलेले टप्पे, पूर्ण झाल्यावर, सीएच्या सहीचं युटिलायझेशन (खर्चाचं) सर्टिफिकेट दिल्यावर. आणि इथे आम्ही दुसरी चूक केलेली होती. माईलस्टोनमध्ये लिहून बसलो होतो की सहा महिन्यात ४० केंद्रं आणि तीन लाखांची विक्री. केंद्रं झाली. पैसे आले नाहीत, आणि त्यात संस्थांची काही चूक नाही. दूध संस्थेचा सेक्रेटरी मोठी खरेदी स्वतःच्या सहीने करू शकत नाही, संचालक मंडळाची मीटिंग लागते, ठराव लागतो. दूध घालणाऱ्याला दर दहा दिवसांनी बिल द्यायचं असतं ते आधी, आणि आमच्या भागात संस्थेच्या हातात मोकळा पैसा येतो तो दिवाळीला, दूध घालणाऱ्यांना वर्षाचा दर फरक वाटून झाल्यावर जे उरतं त्यातून. जूनमध्ये बसवलेल्या डब्याचे पैसे नोव्हेंबरला मिळतात, आणि मिळतात नक्की, एकाही संस्थेने बुडवलेले नाहीत. पण दर महिन्याला अमुक रुपये सबस्क्रिप्शन हे गणित इथे बसत नाही, ते पगारदार माणसाचं गणित आहे. आम्ही आता वर्षाचे पैसे एकदम घेतो, दिवाळीनंतर.

हे सगळं मी त्या इन्क्युबेटरच्या मॅनेजर सरांना घाबरत घाबरत सांगितलं, वाटलं दुसरा हप्ता अडकला. ते स्वतःची गाडी काढून आले. तीन केंद्रं फिरले, एका ठिकाणी त्यांनी मेन स्विच बंद करायला सांगितला आणि घड्याळ लावून बसले, डब्याने सेक्रेटरींना फोन लावला, ते शेतात होते, तिथून उचलला. मग तीन संस्थांचे ठराव आणि डिलिव्हरी चलन जोडून त्यांनीच कमिटीपुढे माईलस्टोन बदलून घेतला, विक्रीच्या जागी बसवलेले आणि चालू असलेले डबे. अकरा दिवसात दुसरा हप्ता खात्यावर. आमची कंपनी आज आहे ती त्या अकरा दिवसांमुळे, त्यात मला काही शंका नाही.

म्हणून कुणी विचारलं की सांगते, योजना सगळीकडे सारखीच आहे, इन्क्युबेटर सारखे नाहीत, आणि तुमच्या हातात खरी निवड तेवढीच आहे. पोर्टलवर इन्क्युबेटरची यादी आणि त्यांची क्षेत्रं दिसतात. त्यातून ज्यांना आधी फंड मिळालाय अशा दोघा-तिघांना फोन करा आणि एकच विचारा, माईलस्टोन झाल्यापासून पैसे यायला किती दिवस लागले. आणखी एक विचारा, कमिटीत तुमच्या धंद्यातलं कोण आहे. कॅम्पस, कॉफी मशीन, बीन बॅग याला काही अर्थ नाही, रोज तिथे जाऊन बसायची सक्तीही नसते, आम्ही दोन वर्षात सहा-सात वेळा गेलो असू.

एजंटांचं पण लिहिते कारण याचा मला फार राग आहे. आम्हाला एकाने ५० हजार आणि मंजूर रकमेच्या पाच टक्के मागितले होते, "सगळं करून देतो" म्हणून. डीपीआयआयटीची मान्यता फुकट आहे. सीड फंडाचा अर्ज फुकट आहे. फॉर्ममध्ये अवघड काही नाही, काय प्रश्न आहे, तुम्ही काय केलंय, पैसे कशावर कधी खर्च करणार एवढंच, आणि ते तुमच्याशिवाय दुसरं कुणी नीट लिहूच शकत नाही. इंग्लिश कच्चं असेल तर साध्या वाक्यात लिहा, आमचा अर्ज साध्याच वाक्यात होता.

बाकी छोट्या गोष्टी पटकन. पैसे ज्या कामासाठी मंजूर झाले त्यावरच खर्च करा, ऑफिस थाटायला हा पैसा नाही. प्रत्येक बिल कंपनीच्या नावाने घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॅशने घेतलेल्या सुट्या पार्टची बिलं जुळवताना आमच्या नाकी नऊ आले. पेटंट टाकायचं असेल तर मान्यताप्राप्त स्टार्टअपला फीमध्ये ८० टक्के सूट आहे, ती घ्या. आणि तुमचं गिऱ्हाईक सरकारी खातं असेल तर राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीचा स्टार्टअप वीक बघा, तिथे निवडलेल्यांना सरकारी वर्क ऑर्डर मिळते, रोख पैशापेक्षा ऑर्डर मिळणं कधीकधी जास्त कामाचं.

रेटिंग विचारलं तर योजनेला पाचपैकी चार, एक गुण दोन वर्षांच्या अटीसाठी कापला. आमच्या तिसऱ्या नंबरवाल्यांना पाचपैकी पाच. पहिल्या नंबरवाल्यांना देत नाही, त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. पोर्टलवर कुठे अडलात तर खाली विचारा, संध्याकाळी सात ते नऊ सोडून, तेव्हा संकलन चालू असतं आणि फोन तिकडचे येतात.